२४ दात की ८०?

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर टेबल सॉचे ब्लेड मागितले, की दुकानदार आधी विचारतो, ‘किती दाती?’ भिंतीवर चकत्या टांगलेल्या असतात. व्यास सगळ्यांचा १० इंच, मधले भोक सारखे, पोलादही डोळ्यांना सारखेच दिसणारे. कुणाला २४ दात, कुणाला ४०, ६०, ८०. दात वाढतात तशी किंमतही वाढते, म्हणून नवख्या माणसाला वाटते, की ८० दातांचे ब्लेड सगळ्यांत भारी, ते घेतले की प्रश्न मिटला. प्रत्यक्षात तेच ब्लेड लावून सागाची जाड फळी उभी चिरायला घेतली, तर मोटार कण्हायला लागते, जळका वास सुटतो आणि कापाच्या कडेवर काळे पट्टे उमटतात. त्याच फळीतून २४ दातांचे स्वस्त ब्लेड सहज पार होते. असे का व्हावे, हे शोधायला गेले तर उत्तर मशीनमध्ये सापडत नाही. ते झाडात सापडते.

झाडाला पाणी मुळांपासून शेंड्यापर्यंत चढवायचे असते आणि वाऱ्यावादळात उभेही राहायचे असते. ही दोन्ही कामे करणाऱ्या बहुतेक पेशी म्हणूनच खोडाच्या लांबीला धरून रचलेल्या असतात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत अशी एकेक पेशी ३ ते ४ मिलिमीटर लांब असते, आणि रुंदी जेमतेम काही शतांश मिलिमीटर. सागाचे तंतू त्याहून आखूड, साधारण मिलिमीटरभर लांबीचे. प्रत्येक तंतूच्या भिंतीत सेल्युलोजच्या साखळ्या असतात, त्याही बहुतेक लांबीच्याच दिशेने वळलेल्या. तंतू एकमेकांना चिकटून राहतात ते लिग्निनमुळे. खराटा डोळ्यांसमोर आणा. त्याचे हीर एकमेकांपासून वेगळे करायला जोर लागत नाही, पण मूठभर हीर एकदम आडवे तोडायचे म्हटले तर धारदार हत्यारच हवे. लाकडाचेही तसेच आहे. तंतूंच्या दिशेने ओढले तर ते जबरदस्त ताण सोसते, आणि तंतूंना फाकवायला गेले तर त्याच्या कितीतरी कमी जोरात चिरते. मुरलेला सुतार फळी हातात घेतल्याबरोबर आधी तिची रेषा पाहतो, ते यासाठीच.

म्हणजे लाकूड कापणे हे एक काम नाहीच. ती दोन वेगळी कामे आहेत, आणि प्रत्येकाला वेगळा दात लागतो.

उभ्या कापात ब्लेड रेषेबरोबर पुढे सरकते. दाताच्या टोकाची धार तंतूंना आडवी येते, त्यांचे तुकडे करते आणि ढलपी वर उचलते. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर फारसे काही तोडावे लागत नाही, कारण तिथे तंतू एकमेकांपासून आपोआप सुटत जातात. हे काम पटाशीचे आहे, आणि उभ्या कापाच्या ब्लेडचा दात खरोखर पटाशीसारखाच घासलेला असतो: टोक सपाट, कोपरे काटकोनात, आणि सगळा दात सुमारे २० अंशांनी पुढे झुकलेला. हा कल लाकडाला आत ओढतो, त्यामुळे हाताला कमी जोर लावावा लागतो.

आडव्या कापात सगळे उलटते. आता दोन्ही भिंतींवरचा प्रत्येक तंतू तोडावा लागतो आणि मधला भाग मात्र सहज निघून येतो. तिथे सपाट पटाशी चालवली, तर ती तंतू तोडण्याआधी ओढते, वाकवते, आणि खालच्या अंगाला कुसे निघतात. म्हणून आडव्या कापाच्या ब्लेडचे दात तिरके घासलेले असतात, एक डावीकडे तिरका, पुढचा उजवीकडे. प्रत्येक दाताचा टोकदार कोपरा आपापल्या बाजूची रेघ सुरीसारखी चिरत जातो आणि मग उरलेले मधले लाकूड भुसा होऊन बाहेर पडते. पुढचा कलही कमी, १० अंशांच्या आसपास. सरकत्या मायटर सॉवर तर कल शून्याच्याही खाली, म्हणजे उलटा असतो, कारण तिथे लाकूड जागेवर असते आणि ब्लेड सरकते. पुढे झुकलेले दात अशा वेळी लाकडावर चढू पाहतात.

दातांची संख्या हा या सगळ्या रचनेतला फक्त मोजायला सोपा आकडा आहे. दुकानात तो विचारतात, कारण बाकीचे अंश तोंडाने सांगायला अवघड जातात.

आता वेग पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. १० इंची टेबल सॉ साधारण मिनिटाला ४,००० फेरे घेतो. कागदावर गुणाकार करून पाहा: कडेचा दात सेकंदाला ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटरने धावतो. २४ दातांचे ब्लेड सेकंदाला १,६०० वेळा लाकडाला चावते. फळी मिनिटाला ४ मीटर या वेगाने पुढे ढकलली, तर एका चाव्यात जेमतेम ०.०४ मिलिमीटर लाकूड येते. तेच ८० दातांचे लावा. चावे सेकंदाला ५,३०० वर जातात आणि एकेका दाताच्या वाट्याला ०.०१३ मिलिमीटरही लाकूड येत नाही. इतक्या पातळ थरात धार नीट शिरत नाही. दात कापण्याऐवजी घासायला लागतो, आणि घासण्यातून निघते ती उष्णता.

उष्णतेला बाहेर पडायची वाटही राहत नाही. २४ दातांच्या ब्लेडवर दोन दातांत सुमारे ३३ मिलिमीटरचे अंतर असते आणि मधली खाच खोल असते. दात लाकडात असेपर्यंत त्याने काढलेला भुसा त्या खाचेत बसून राहतो, बाहेर आल्यावर उडून जातो आणि आपल्याबरोबर उष्णताही घेऊन जातो. ८० दातांत हे अंतर १० मिलिमीटर. उभ्या कापाच्या लांब, दोरेदार ढलप्या त्या चिमुकल्या खाचेत मावत नाहीत. त्या तिथेच दाबल्या जातात, भिंतींना घासतात, आणि फळी करपते. फळी काळी पडली की बरेच जण ब्लेडची धार गेली असे धरून चालतात. पुष्कळदा धार ठीक असते, दात मात्र गरजेपेक्षा जास्त असतात, किंवा फळी भीतभीत, फार हळू ढकललेली असते.

दाताच्या टोकावर चांदीच्या रंगाच्या डाकाने जोडलेला राखाडी तुकडा दिसतो, तो टंगस्टन कार्बाइडचा. त्याची जन्मकथा मला फार आवडते. विजेच्या दिव्यातली तार टंगस्टनची असे, आणि ती ओढून बारीक करायला हिऱ्याचे साचे लागत. ते परवडेनात, म्हणून जर्मनीत ओसराम या दिवे बनवणाऱ्या कंपनीत पर्याय शोधला जात होता. कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी आणि थोडे कोबाल्ट एकत्र दाबून तापवण्याची रीत काढली आणि १९२३ मध्ये तिचे पेटंट घेतले गेले. सुमारे १,४०० अंश सेल्सियसला कोबाल्टचा अंश वितळतो आणि कार्बाइडच्या कणांना पक्के बांधून टाकतो. कण स्वतः वितळत नाही, त्याचा वितळणबिंदू याच्या जवळजवळ दुप्पट आहे. कठीणपणा कणांचा, चिवटपणा कोबाल्टचा. पुढे क्रुपने हा पदार्थ विडिया या नावाने बाजारात आणला आणि ते नाव आपल्याकडच्या यंत्रशाळांपर्यंत पोचले. दिव्याच्या तारेसाठी निघालेला शोध असा फिरत फिरत सुताराच्या दाताला येऊन चिकटला.

चिकटवणे मात्र सोपे नाही. तापल्यावर पोलाद जितके प्रसरण पावते, त्याच्या निम्मेच कार्बाइड पावते. डाक देताना दोन्ही लाल होतात, थंड होताना पोलाद जास्त आकसते आणि मधला सांधा तडकू पाहतो. यावर एक देखणा उपाय आहे. दोन बाजूंना चांदीच्या मिश्रधातूचा डाक आणि मध्ये तांब्याचा पातळ थर, अशी तीनपदरी पट्टी वापरतात. मऊ तांबे दोघांमधली ओढाताण स्वतःवर घेते. या सांध्यावर किती भार येतो, तेही पाहा. ४,००० फेऱ्यांवर कडेच्या दाताला बाहेर फेकणारी ओढ गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोन हजार पट असते. १ ग्रॅमचा तुकडा सव्वादोन किलोच्या ओझ्यासारखा बाहेर ओढला जात असतो, आणि त्या अवस्थेतच तो सेकंदाला ६६ वेळा लाकडावर आदळत असतो. दात निखळलेले किंवा तडा गेलेले ब्लेड ‘एवढ्या कामापुरते’ चालवू नये, याचे कारण हे.

दातांकडे सगळ्यांचे लक्ष जाते. मला विचाराल तर खरे आश्चर्य त्यामागच्या साध्या पोलादी चकतीत आहे. जाडी दोन-अडीच मिलिमीटर, व्यास २५४. फिरताना कड लाकडाला लागून तापते आणि मधला भाग थंड राहतो. तापलेल्या कडेला लांब व्हायचे असते, पण मधले पोलाद तिला सोडत नाही. मग ती जास्तीची लांबी जाते कुठे? बाजूला. कड नागमोडी होते, डावी-उजवीकडे लचकते आणि काप वाकडातिकडा येतो. हे टाळायला चांगले कारखानदार चकती मुळात पूर्णपणे तणावमुक्त ठेवतच नाहीत. कड आणि केंद्र यांच्या मधोमध एक गोल पट्टा दोन रुळांमध्ये दाबून किंचित ताणून घेतात. तो पट्टा बाहेरच्या कडेला सतत ढकलत राहतो, त्यामुळे थंड असतानाही कड घट्ट ताणलेली असते. काम सुरू झाले, कड तापली, की प्रसरण आधी तो ताण सैल करण्यात खर्ची पडते आणि लचकण्याची पाळी लांबते. पूर्वी हेच काम ऐरणीवर हातोडीने ठोकून, सरळ पट्टी लावून प्रकाशाची फट पाहत केले जाई. मोठ्या सॉ मिलमध्ये असे करणाऱ्या कसबी माणसाला सॉ डॉक्टर म्हणतात.

कडेपासून आत गेलेल्या अरुंद चिरा दिसतात, त्याही याचसाठी. कडेला वाढायला थोडी जागा मिळते. महागड्या ब्लेडच्या अंगावर लेसरने कापलेल्या नागमोडी रेघा असतात, त्यांतल्या काही राळेने भरलेल्या. त्या नक्षीसाठी नसतात. चकतीची थरथर तिथे अडते, आवाज कमी होतो आणि काप गुळगुळीत येतो. म्हणून ब्लेड घेताना दात मोजून झाले, की ते बोटाने मधल्या भोकात धरून बाजूने पाहावे, चकती सपाट आहे का, चिरा स्वच्छ कापल्या आहेत का. दोन ब्लेडना दात सारखे असूनही किमतीत तिप्पट फरक असतो, तो बराचसा इथे असतो.

दाताची रुंदी चकतीच्या जाडीपेक्षा जास्त असते. हातकरवतीचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवतात, तसे इथे करावे लागत नाही, कार्बाइडचा तुकडाच रुंद बसवलेला असतो. त्यामुळे कापलेल्या फटीत चकती मोकळी फिरते. नेहमीच्या ब्लेडची फट ३.२ मिलिमीटर, पातळ ब्लेडची २.४. फरक क्षुल्लक वाटतो, पण एका फळीतून दहा पट्ट्या काढायच्या असतील तर जवळजवळ पाऊण सेंटिमीटर साग भुशात जाण्यापासून वाचतो, आणि आलापल्लीच्या सागाचा भाव ठाऊक असणाऱ्याला त्याचे मोल सांगायला नको. लहान मोटारीला पातळ ब्लेड हलकेही जाते. उलट जाड, कठीण लाकडात पातळ चकती वाकायची शक्यता वाढते. तीन अश्वशक्तीची मोटार असेल तर जाड ब्लेडच बरे.

सागाचे आणखी एक. त्याच्या पेशींत सिलिकाचे कण असतात, म्हणजे वाळूचाच पदार्थ. हातकरवत सागावर लवकर बोथट होते, रंध्याला परत परत धार लावावी लागते, त्याचे कारण हेच. साध्या पोलादी दातांचे ब्लेड सागाला लावण्यात अर्थ नाही. पाइन मऊ, पण त्याची राळ दाताच्या कडेला तपकिरी थर धरते, आणि तो थर बोथट धारेइतकाच त्रास देतो. ब्लेड नवे घ्यायच्या आधी एकदा राळ विरघळवणाऱ्या द्रावणात बुडवून, मऊ ब्रशने साफ करून पाहावे. पुष्कळ ‘मेलेली’ ब्लेड अशी जिवंत होतात.

आपल्याकडे आता फर्निचरचे बहुतेक काम प्लायवुड, एमडीएफ आणि सनमायकावर चालते. इथे झाडाचा नियमच माणसाने बदललेला आहे. प्लायच्या थरांत रेषा आळीपाळीने उभी-आडवी, त्यामुळे उभा काप आणि आडवा काप हा भेद उरत नाही. प्रत्येक कापात निम्मे थर आडवेच तुटतात. वरचा शोभेचा पापुद्रा मिलिमीटरच्या अंशाइतका पातळ असतो आणि त्याचे कुसे निघाले की अख्खे कपाट खराब दिसते. म्हणून प्लायला तिरक्या, टोकदार दातांचे ६० किंवा ८० दाती ब्लेड. एमडीएफमध्ये रेषाच नाही, पण रेझिनने घट्ट दाबलेला तो भुसा धारदार कोपरे लवकर झिजवतो. सनमायका लावलेल्या बोर्डाला आणि एमडीएफला म्हणून तिसऱ्या जातीचा दात असतो: एक दात उंच, दोन्ही कोपरे छाटलेला, आणि त्यामागचा किंचित बुटका व सपाट. पहिला मधून वाट पाडतो, दुसरा कोपरे साफ करतो. दोघांत काम वाटले गेल्याने एकाही नाजूक कोपऱ्यावर सगळा मार येत नाही. ॲल्युमिनियमच्या पट्ट्याही याच दाताने कापतात, फक्त कल उलटा ठेवतात.

दात जितके जास्त, तितका भुसा बारीक, हेही लक्षात असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. मास्क ही चैन नव्हे.

ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात. चिरलेली फळी मागे आकसून ब्लेडला चिकटली, तर ते दात तिला उचलतात आणि प्रचंड वेगाने चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. हे रोखायला ब्लेडमागे उभी पट्टी असते, रिव्हिंग नाइफ. ती चकतीपेक्षा जाड आणि कापलेल्या फटीपेक्षा पातळ असावी लागते. जाड ब्लेडसाठी बसवलेल्या पट्टीसमोर पातळ ब्लेड लावले, की फळी त्या पट्टीवर अडते, आणि माणूस वैतागून पट्टीच काढून टाकतो. पातळ ब्लेड घेण्याआधी आपल्या मशीनच्या पट्टीवर लिहिलेली जाडी वाचावी, ती यासाठी.

घराच्या कामावर येणारे आपले मिस्त्री टेबल सॉ बरोबर आणत नाहीत. प्लायच्या तुकड्यात खाच पाडून खालून ४ इंची मार्बल कटर उलटा बसवतात, त्याला लाकडाचे ब्लेड लावतात आणि त्यावर अख्ख्या घराची कपाटे कापून काढतात, तीही नेमकी काटकोनात. त्या हातांच्या कसबापुढे मी नतमस्तक आहे. पण तो कटर मिनिटाला १२,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो, त्याच्या कडेचा वेग मोठ्या टेबल सॉपेक्षाही जास्त असतो, वर गार्ड नसतो आणि मागे पट्टी नसते. प्रत्येक ब्लेडवर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. मशीनचा आकडा त्याहून मोठा असेल तर ते ब्लेड त्या मशीनला कधीही लावू नये. तुमच्या घरी काम चालू असेल तर मिस्त्रींना हा आकडा दाखवा, आणि ढकलायला एक लाकडी काठी बनवून द्या. त्यात कुणाचा अपमान नाही.

पहिल्यांदाच खरेदी करत असाल, तर माझा कौल असा. ४० दातांचे ‘सगळ्या कामाचे’ एक ब्लेड दोन्ही कामे बरी करते, उत्तम एकही करत नाही. तेवढ्या खर्चात थोडी भर घालून दोन घ्या: लाकूड उभे चिरायला २४ दाती, सपाट दातांचे, आणि आडव्या कापाला व प्लायला ६० दाती, तिरक्या दातांचे. रोज एमडीएफ आणि सनमायका कापत असाल तरच तिसऱ्याचा विचार करा. ब्लेडची उंची फळीच्या वर दात आणि खाच दिसेल एवढीच ठेवा. आणि ब्लेड बदलताना नुसता स्विच बंद करू नका, प्लग भिंतीतून काढून समोर डोळ्यांना दिसेल असा ठेवा.